इजाफ्याचा मास्तर

काय सांगू भाऊ तुमाला, मास्तर हिंगोलीला गेले आन् तुमी आले, आता मलाच इचारता, तर मी सांगते, पण मी माह्या ढंगानं सांगीन, मधी मधी थांबवू नका. मी नरसीची. नामदेवाच्या नरसीची. बाप शेतकरी, जमीन थोडी, पण देवाला येणाऱ्या माणसांसाठी रस्त्याच्या कडेला महा बाप चुरमुऱ्या-बत्ताशाचं पाल टाकायचा, आन् मी त्या पालात बसून मोठी झाले, म्हणून महं तोंड असं चालतंय. गिऱ्हाइकाशी बोलून बोलून जीभ सैल झाली ती झालीच. मास्तर म्हणतात, तुह्यासारखी चार पोरं वर्गात असती तर मी नोकरी सोडून पळालो असतो. मास्तर म्हणजे महे मालक. नाव मी घेत न्हाई, सगळा मुलूख मास्तर म्हणतो, मग मी बी मास्तरच म्हणते.

मास्तर डोंगरकड्याचे, घर कुणब्याचंच. तवा राज्य निजामाचं, सरकारी कागद सगळे उर्दूत, गावात कागद आला की वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात बसावं लागायचं, तर मह्या सासऱ्याच्या मनानं घेतलं की आपलं एक तरी पोरगं कागद वाचणारं निघालं पाहिजे. मशिदीतल्या मौलवीसाहेबाकडं पोराला बसवलं, घरचं दूध-दही पोचवलं, आन् पोरगं उर्दू शिकलं, मराठी तर येतच होतं, परीक्षा देऊन सरकारी मदरशात मास्तर झालं. मदरसा म्हणजे शाळाच हो, तवा सगळे मदरसाच म्हणायचे. एवढं शिकलेला नवरा, पण मला अजून सही येत न्हाई. हसा तुमी. सगळ्या मुलखाची लेकरं शिकवली ह्या माणसानं, आन् बायकोची पाटी कोरी. मी एकदा म्हणले, मला बी शिकवा की, तर म्हणले, बस उद्यापासून. ते उद्या काही निघालं न्हाई.

नेमणूक झाली ती इथंच, हिवरदरीला. कनेरगावच्या नाक्यापासून आत, बैलगाडीनं बी अंग मोडून येतंय. नाक्याच्या पल्याड वऱ्हाड, तिथं इंग्रजाचं राज्य, अल्याड आमी. मी आले तवा चंद्रा कडेवर होती. चंद्रा म्हणजे मही लेक, एकलीच. मदरसा म्हणजे मारुतीच्या देवळामागची ही एक खोली, आन् तिच्या मागच्या भिंतीला लागून आमचं घर, मधी एक झरोका. चूल फुकता फुकता मला सगळा मदरसा ऐकू यायचा. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, सगळे वर्ग त्याच खोलीत आन् मास्तर एकले.

आता त्याहीचं काम कसं होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यातूनच झालं. दुसरे मास्तर काय करायचे, एका वर्गाला शिकवायचं आन् बाकीच्यांना गप बसवायचं, हातात छडी. मास्तरांनी छडी घेतलीच न्हाई. चार कोपऱ्यात चार वर्ग, आन् हाताच्या बोटांवर सगळं चालायचं. एक बोट वर केलं की पहिलीचे धूळपाटीवर अक्षर गिरवायला लागायचे, दोन केली की दुसरीचा पाढा सुरू, अंगठा वाकवला की तिसरीनं गणित दाखवायचं, मूठ मिटली की सगळे चिडीचूप. पाठ फिरवून उभे असले तरी कानावर ध्यान, इतक्या गलक्यात एक पोरगं चुकलं की न वळता त्याचं नाव घ्यायचे. गुराखी सुदिक दारात उभे ऱ्हाऊन बघायचे. तमाशाच होता तो एक, पण पोरं शिकली हो, ज्याच्या घरात सात पिढ्या अंगठा होता त्याच्या घरात कागद वाचणारं पोरगं झालं.

मग एका साली मोहतमीम साहेब मुआइन्याला आले. मोहतमीम म्हणजे मदरशांचे मोठे साहेब, मुआइना म्हणजे तपासणी. म्हातारा माणूस, दाढी पांढरी, बोलणं गोड. बसले पाटलानं आणलेल्या खुर्चीवर, मास्तरांची बोटं बघत राहिले, बघत राहिले, नमाजाचा वखत झाला तरी उठंनात. जाताना म्हणले, मास्टर साब, ऐसा हुनर मैंने नहीं देखा. आन् थोड्या महिन्यांत हुकूम आला की सरकारनं मास्तरांना तनख्यावर इजाफा दिला, चांगलं शिकवणाऱ्याला सरकारी खजिन्यातून जास्तीची रक्कम, साऱ्या तालुक्यात दुसऱ्या कोणाला न्हाई. गावानं गूळ वाटला. माह्या सासऱ्यानं डोंगरकड्याहून गाडी जुंपून येऊन लेकाच्या तोंडात पेढा घातला, त्या माणसाच्या डोळ्यात पाणी होतं. मी बी लई मिरवले, खोटं काहून बोलू.

पण हुकमात एक कलम होतं. इजाफा ह्याच मदरशासाठी. मास्तरांनी हितंच ऱ्हायचं, आन् हे काम दुसऱ्या मास्तरांना दाखवायचं. झालं! तिथून जी माणसं सुरू झाली. आज कळमनुरीकडचे दोन मास्तर, उद्या औंढ्याकडचे, परवा कोणी साहेब आन् त्याचा चपराशी आन् चपराशाचा मेव्हणा. काम बघायला आलेला माणूस उपाशी जाईल का मास्तराच्या दारातून? भाकरी थापता थापता महे हात भाजून निघाले. सरकारनं इजाफा दिला मास्तरांना आन् खाल्ला बघायला येणाऱ्यांनी. मी एकदा एका मास्तरला तोंडावर म्हणले, दादा, बोटं बघायला आले का बेसन खायला? तो म्हणला, वहिनी, बोटं तर मागच्या खेपेला बघितली.

हे सगळं मी हसून काढलं असतं. पण चंद्रा.

चंद्रा, भाऊ, लई हुशार. मही लेक हाये म्हणून सांगून राहिले न्हाई. झरोक्यातून ऐकून ऐकून पाढे पाठ, बोलायला लागली तशी मोजायला लागली. चौथी झाली तवा गावातल्या पोरांमधी पहिली. आन् पुढं काय? पुढं हितं काहीच न्हाई. हिंगोलीला पोरींचा मदरसा, वरच्या वर्गाचा. महा भाऊ हिंगोलीला जिनात कापसाच्या कामावर, त्याचं घर त्या मदरशाच्या जवळ, तो म्हणला, बाई, पोरगी पाठव माह्याकडं, मह्या पोरीसंगं जाईल-येईल. चंद्रा तर त्या दिवसापासून हिंगोलीचंच बोलायची. तिथं पोरींना भूगोलाचे नकाशे दाखवतात म्हणं, तिथं बाई शिकवती म्हणं, आई, बाई मास्तर असती का गं, कशी दिसत असंल? मला काय ठाव कशी दिसती.

मास्तर म्हणले, एकली पोर दुसऱ्याच्या घरी कशी ठेवायची, लोक काय म्हणतील. पण ते वरवरचं बोलणं होतं. खरं वेगळं होतं आन् ते मला झरोक्यातून रोज दिसत होतं. चौथी झाल्यावर चंद्रा घरी काय करणार, तर जाऊन बसायची पहिलीच्या लेकरांत, त्यांचे हात धरून अक्षर काढून घ्यायची. आधी खेळ होता. मग मास्तरांचं एक बोट वर जाणंच बंद झालं, पहिली सगळी तिच्याकडं. साहेब येणार असला की तिला घरात बोलवायचं, साहेब गेला की परत. मी एक दिवस म्हणलेच, तुमाला ती सोडवत न्हाई, तिच्या जिवावर तुमचं काम दिसतंय, इजाफा तुमाला आन् राबणं पोरीला. मास्तर इतके चिडले, ताटावरून उठले. पण दुसऱ्या दिवशी खाली मान घालून म्हणले, तू म्हणती ते बराबर हाये. सगळेच जाऊ हिंगोलीला, मी तबादल्याची दरखास्त देतो, गेला इजाफा तर गेला.

दरखास्त दिली, बदलीचा अर्ज. आन् गावाला कळलं.

आता ह्या गावाची गोष्ट ऐका. वाईट गाव असतं तर मी शिव्या दिल्या असत्या आन् मोकळी झाले असते. हे गाव लई चांगलं. मह्या बाळंतपणात गेलेल्या लेकराला ह्याच बायांनी मांडीवर घेऊन मातीला दिलं. तर पाटील, म्हातारेकोतारे, बाया, पोरं, सगळे गाड्या जुंपून गेले हिंगोलीला, साहेबाच्या कचेरीसमोर बसले, पागोटी काढून पायावर ठेवली, मायबाप आमचा मास्तर नेऊ नका. साहेबाचा ऊर भरून आला. दरखास्त नामंजूर. परत येऊन गावानं मास्तरांच्या गळ्यात हार घातला, आन् ढोल वाजवून आमाला आमच्याच घरात आणून सोडलं. पुढच्या साली परत दरखास्त, परत गाड्या, परत पागोटी, परत हार. मी तो हार म्हशीला घातला.

दुसऱ्या खेपेला मास्तर स्वतः साहेबाला भेटले. साहेब प्रेमानं म्हणले, मास्टर साब, शहरात मास्तर ढीगभर हाईत, तुमच्यासारखा माणूस खेड्यातच पाहिजे, जवर काम चांगलं तवर तुमी तिथंच. घरी येऊन मास्तरांनी हे सांगितलं आन् मान टाकून बसले. चंद्रा दाराशी होती. ती म्हणली, मग काम वाईट झालं तर? मास्तर म्हणले, गप. पण मी तिच्याकडं बघितलं आन् तिनं मह्याकडं, आन् आमच्या मायलेकीचं ठरलं. मास्तरांना सांगितलं न्हाई, पोर चुकीचं बोलतंय हे त्याहीच्यानं सहन झालं नसतं.

मुआइन्याच्या आधी मास्तर तालुक्याला गेले की चंद्रा सगळे वर्ग घेऊन बसायची आन् पोरांना चुकीचं शिकवायची. बारा पंचे पासष्ट. हिंगोलीची नदी गोदावरी. सूर्य उगवतो दक्षिणेला. पोरांना लई गंमत, चंद्राआक्कानं नवा खेळ काढला, मास्तरांना बोलायचं न्हाई बरं का, साहेब आला की दाखवायचा. मी इकडं भाकरी थापून राहिले आन् हसून हसून पोट धरून राहिले. मला त्याची आजबी लाज न्हाई. लेकीला शिकवायला मी सूर्य बी दक्षिणेला उगववला असता.

साहेब आले. बसले खुर्चीवर. बाहेर सगळं गाव, झरोक्याशी आमी दोघी. मास्तरांनी बोट वर केलं, साहेबानं इचारलं बारा पंचे, आन् सगळा वर्ग एका सुरात, देवळातल्या आरतीसारखा, पासष्ट! मास्तर पांढरे पडले. साहेबानं दुसऱ्या कोपऱ्यात इचारलं, पासष्ट. नदी? गोदावरी. एक पोरगं मागं न्हाई, एक पोरगं पुढं न्हाई. साहेबाच्या भुवया वर गेल्या. मग तो म्हणला, बरं, तेरा पंचे? तेराचं चंद्रानं शिकवलंच नव्हतं. किसन म्हणून एक बारकं पोरगं होतं, त्यानं बोटांवर मोजलं आन् म्हणलं, पासष्ट. साहेब म्हणला, अरे, बारा पंचे बी पासष्ट आन् तेरा पंचे बी पासष्ट? तर ते येडं मोठ्यानं म्हणतं, साहेब, बाराचं चंद्राआक्कानं सांगितलेलं, तेराचं खरं हाये.

साहेब म्हणला कोण चंद्राआक्का, आन् मी लेकीला धरायच्या आधी ती घरातून निघून खोलीत जाऊन उभी. डोक्यावर पदर, पण बोलली नीट. म्हणली, साहेब, बाबांचा काही कसूर न्हाई, मीच शिकवलं, काम बिघडलं तर तबादला होतो म्हणून, मला हिंगोलीच्या मदरशात शिकायचंय. मला वाटलं आता ह्या पोरीचं सोनं झालं. आता साहेब म्हणणार, जा बेटी. खरंच वाटलं, मी हात जोडले झरोक्यामागं.

साहेब हसला. इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणला, बेटी, जो गलत इतना अच्छा पढ़ाती है, वो सही कितना अच्छा पढ़ाती होगी. सगळ्या पोरांनी एकच चूक एका सुरात करायची, हे शिकवल्याशिवाय होत न्हाई, म्हणला. मास्तरांना म्हणला, तुमच्या घरातच हुनर हाये, पोरीला पहिलीचा वर्ग घेऊ द्या, आता लपवू नका, मी वर लिहितो. आन् त्यानं लिहिलं. इजाफा कायम झाला, वर आणखी वाढला. लेकीच्या नावानं काहीच न्हाई, तिच्याकडं सर्टिफिकीट कुठं होतं? माणूस वाईट नव्हता हो. लई प्रेमानं बोलला. त्या प्रेमानंच दार बंद झालं. त्या राती चंद्रा रडली बी न्हाई. फक्त म्हणली, आई, मी जरा वाईट शिकवायला पाहिजे होतं.

गावानं ऐकलं ते, साहेब म्हणला ते. आन् पाटील आले घरी, नारळ घेऊन. म्हणले, मास्तर, पोरगी मोठी झाली, बाहेर कुठी देता, आमच्या पुतण्याला द्या, हुंडा नको, मानपान नको, लग्न गाव करून देईल, मदरसा आन् मास्तर आन् लेक सगळं एका जागी ऱ्हाईल. कोणत्या बापानं न्हाई म्हणावं? मी म्हणले, न्हाई म्हणा. मास्तर म्हणले, काहून म्हणू, पोरगा चांगला हाये. पोरगा चांगलाच होता, नारायण, आजबी चांगलाच हाये, शब्द खाली पडू देत न्हाई तिचा. पण मला दिसून राहिलं होतं, गावानं मही लेक ठेवून घेतली. लग्न झालं, घराघरातून ज्वारी आली, गूळ आला, आन् चंद्रा माहेराहून सासरला गेली ती ह्या बोळातून त्या बोळात. थोडे दिवस मदरशात यायची, मग पाटलीणबाई म्हणल्या सुनेनं पोरांत बसू न्हाई, मग लेकरू झालं, बंद झालं.

मग निजामाचं राज्य जायच्या आधीची ती धामधूम आली, नाक्यावर बंदुका, रातीबेराती पळापळ, माणसं लेकराबाळांसकट नाका चुकवून वऱ्हाडात जायची. आमी गेलो न्हाई. सरकारचा इजाफा खाणारा मास्तर म्हणून काही लोक आमच्याकडं वाकडं बघायचे, आन् सरकारची माणसं म्हणायची, गावाशी लई गोडी हाये तुमची. मास्तर मदरसा उघडायचे, चार पोरं आली तर चारांना शिकवायचे. त्याहीचा आवाज त्या साली बसला तो आजून सुटला न्हाई.

आता निजामाचं राज्य गेलं. आन् काय झालं बघा, नव्या सरकारनं जुने सगळे इजाफे तपासायला काढले, मास्तरांचा बंद. आन् बंद झाल्याबरोबर, न मागता, तबादला! हिंगोलीला! ज्यासाठी मी जन्मभर देवाला नवस बोलले ते असं फुकटात आलं, सतरा भाकरी थापल्यावर पाहुणा न्हाई असं झालं. ह्या खेपेला गावाच्या गाड्या निघाल्या न्हाईत, कोणापुढं पागोटं ठेवायचं तेच कोणाला कळंना. मास्तर गेले हजर व्हायला, मी मागं राहिले.

मी काहून राहिले, तर चंद्रासाठी. नारायणनं मनावर घेतलंय. माह्या भावानं जिनात त्याच्यासाठी शब्द टाकलाय. नारायण म्हणला, आत्याबाई, हिला हिंगोलीला न्यायची, तिथं बायांना मास्तरीण करायचं शिक्षण निघणार म्हणतात, ती शिकंल, मी काम करीन. पाटलीणबाई आता नाहीत, पाटील थकले, ते बी न्हाई म्हणले न्हाईत. फक्त एवढं म्हणले, नवा मास्तर येईपर्यंत मदरशाचं दार उघडं ठेव बाई, मग जा सुखानं. म्हणून ती रोज जाऊन बसती, सगळे वर्ग घेती, तनखा न्हाई, काही न्हाई.

आन् आता तुमी आले. नव्या सरकारचे, कागद घेऊन, गावोगावच्या मदरशाची हकिकत लिहून न्यायला.

भाऊ, एवढा वेळ तुमी काही न बोलता ऐकून घेतलं, गुळाचा चहा बी नावं न ठेवता प्यालात, तर मही एक गोष्ट ऐका. तिकडं मदरशात जाऊन बघू नका. बघितलं तर तुमाला आवडंल. आवडलं तर तुमी लिहाल, आन् वर कोणी वाचलं तर म्हणंल, तिथं काम चांगलं चालू हाये, नवा मास्तर कशाला पाठवायचा, त्या बाईलाच काहीतरी जास्तीचं द्या आन् राहू द्या. मला ठाव हाये हो, कसं लिहितात ते. तुमी लिहा, हिवरदरीचा मदरसा बंद पडलाय, कोणी शिकवत न्हाई, लेकरं वाया चालली, मास्तर लवकर पाठवा. देव तुमाला लई देईल, तुमच्या लेकीबाळी सुखी ऱ्हातील, पण असंच लिहा.

आवाज? व्हय, येऊन राहिला आवाज. पोरं हाईत, उन्हाची देवळामागं खेळून राहिली असतील. तुमी लिहा, बंद.